फ्रेंच लेबलचा मजकूर टाइप करताना

सोलापुरातून फ्रान्सला जाणाऱ्या टॉवेल-चादरींची लेबलं आमच्याकडे छापायला येतात, तेव्हा सर्वांत जास्त वेळ जातो तो अक्षरांवरच्या खुणा दुरुस्त करण्यात. या खुणा म्हणजे सजावट नव्हे, तो स्पेलिंगचाच भाग आहे. ‘भारतात बनवलेले’ या ओळीतल्या ‘फाब्रिके’ शब्दाच्या शेवटच्या ई वरची रेघ गळली, की तो ‘फाब्रिक’ म्हणजे कारखाना होतो. मजकूर तुमच्याच ऑफिसात नीट टाइप झाला तर प्रूफच्या फेऱ्या वाचतात.

दोन-चार ओळीच असतील तर विंडोजवर ऑल्टचे आकडे पुरेत. नम लॉक चालू ठेवा, ऑल्ट दाबून धरा, उजवीकडच्या नंबर पॅडवर चार आकडे मारा आणि मग ऑल्ट सोडा. कीबोर्डच्या वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. सुरुवातीचं शून्य गाळलं तर विंडोज डॉसच्या काळातला तक्ता वापरतं आणि भलतंच अक्षर उमटतं.

छोटा ई: उजवीकडे चढणारी रेघ ०२३३, उतरणारी रेघ ०२३२, टोपी ०२३४, दोन टिंबं ०२३५
छोटा ए: उतरणारी रेघ ०२२४, टोपी ०२२६
शेपटीचा सी ०२३१, टोपीचा ओ ०२४४, जोडलेले ओ-ई ०१५६
मोठी अक्षरं: चढत्या रेघेचा ई ०२०१, उतरत्या रेघेचा ए ०१९२, शेपटीचा सी ०१९९

मोठ्या अक्षरांवर खूण नको, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. टेरी टॉवेलवरचा ‘एपाँज’ हा शब्द सगळा कॅपिटलमध्ये घेतला तरी पहिल्या ई वर रेघ हवीच.

रोजचं काम असेल किंवा लॅपटॉपला नंबर पॅड नसेल, तर आमचा सल्ला इंटरनॅशनल कीबोर्डचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जा. इंग्लिशपुढच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ जोडा. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून कीबोर्ड बदलता येतो. आता आधी खूण आणि मग अक्षर: अवतरणचिन्हाची की आणि ई म्हणजे चढती रेघ, तीच की आणि सी म्हणजे शेपटी, एकच्या डावीकडची की आणि ई म्हणजे उतरती रेघ, शिफ्ट-सहा आणि ई म्हणजे टोपी. जोडलेले ओ-ई मात्र यात नाहीत, त्यासाठी नंबर पॅड असलेल्या कीबोर्डवर ऑल्टच.

इथे एक चूक हमखास होते. ‘उलट बाजूने इस्त्री करा’ या सूचनेत एल, वरचा स्वल्पविराम (म्हणजे तीच अवतरणचिन्हाची की) आणि लगेच ई येतो. सरळ टाइप केलंत तर स्वल्पविराम नाहीसा होऊन ई वर रेघ चढते. स्वल्पविरामानंतर एकदा स्पेस दाबा. जागा सुटत नाही, नुसतं चिन्ह उमटतं, मग ई टाइप करा.

टक्क्याच्या चिन्हाआधी फ्रेंचमध्ये जागा सोडतात. वर्डमध्ये ती कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने द्या, म्हणजे ‘१००’ एका ओळीत आणि टक्का पुढच्या ओळीत असं होणार नाही.

आकडे बरोबर मारूनही काना-मात्रा उमटत असतील तर फॉन्ट तपासा. युनिकोडपूर्वीच्या (प्रत्येक लिपीला वेगळे आकडे मिळण्याआधीच्या) मराठी फॉन्टनी याच आकड्यांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. जुनी मराठी फाइल एरियलमध्ये उघडली की रेघा-टिंबांची इंग्रजी अक्षरं दिसतात, ती याचमुळे. तुमचा फ्रेंच मजकूर बिघडलेला नसतो, पुन्हा टाइप करत बसू नका. तो निवडून एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन लावा.

साइझ आणि रंगांची यादी एक्सेलमधून देणार असाल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून सेव्ह करा. उघडल्यावर एका अक्षराच्या जागी दोन विचित्र अक्षरं दिसली, तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) उघडली आहे. तशीच सेव्ह न करता बंद करा. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल कर्व्ह्जमध्ये (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्यांत) बदललेली असेल तर सोबत न बदललेली प्रतही द्या, कारण कर्व्ह्जमधलं अक्षर आम्हाला टाइप करून सुधारता येत नाही. व्हॉट्सॲपवर मजकुराचा फोटो नको, वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ पाठवा. छपाईआधी दोन्ही शेजारी ठेवून आम्ही खूण न खूण ताडून पाहतो.