फुली मारण्याचं आवाहन: म्यानमारच्या २००८च्या सार्वमताची पार्श्वभूमी

मे २००८ मध्ये म्यानमारच्या नागरिकांना एका मतपत्रिकेवर एकच खूण करायची होती. लष्कराने तयार केलेली राज्यघटना मान्य असेल तर बरोबरची खूण, मान्य नसेल तर फुली. आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसी (एनएलडी) या पक्षाने एप्रिलच्या सुरुवातीलाच जाहीर आवाहन केलं होतं: मतदानाला जा आणि फुली मारा. १९८८च्या आंदोलनातून पुढे आलेल्या ‘८८ पिढी’च्या विद्यार्थी नेत्यांचंही सांगणं तेच होतं. मतमोजणी कुणाच्या हातात आहे हे या सगळ्यांना पुरतं माहीत होतं. तरीही त्यांनी लोकांना जोखीम पत्करायला सांगितलं, कारण त्या मसुद्यात काय लिहिलंय आणि तो कसा लिहिला गेला, हे दोन्ही त्यांनी जवळून पाहिलं होतं.

आपल्याकडे मंडाले म्हटलं की लोकमान्य टिळकांचा तुरुंग आठवतो आणि रत्नागिरीत गेलं की थिबा राजाचा वाडा दाखवला जातो. त्यानंतरचा ब्रह्मदेश मराठीत फारसा कुणी सांगत नाही. खरं तर त्या देशाची पहिली राज्यघटना आपल्या घटनेच्याच काळात लिहिली गेली. आपल्या घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी तिच्या मसुद्यालाही मदत केली होती. फेब्रुवारी १९४७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि सू ची यांचे वडील आंग सान यांनी पांगलाँग इथे शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला. स्वतंत्र देशात डोंगराळ सीमाभागांना स्वतःचा कारभार मिळेल, या भरवशावर ही मंडळी संघराज्यात आली. त्याच वर्षी १९ जुलैला आंग सान यांची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये घटना मंजूर झाली, ४ जानेवारी १९४८ला देश स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ बंडाळ्या पेटल्या. पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारला त्या कधीच पूर्ण आटोक्यात आणता आल्या नाहीत, आणि लष्कराला राजकारणात शिरायला तेवढं निमित्त पुरलं.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि १९४७ची घटना निकालात निघाली. बारा वर्षांनी त्यांनी स्वतःची घटना आणली. ब्रह्मी समाजवादाच्या नावाखाली एकच पक्ष, बाकी सगळ्यांना बंदी. तिच्यावरही डिसेंबर १९७३ मध्ये सार्वमत घेतलं गेलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिल्याचं जाहीर झालं. २००८ मधल्या पन्नाशी-साठीच्या मतदारांनी हा प्रकार एकदा अनुभवलेला होता.

ती घटना चौदा वर्षं टिकली. सप्टेंबर १९८७ मध्ये सरकारने २५, ३५ आणि ७५ च्यातच्या (च्यात हे तिथलं चलन) नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदलून काहीच दिलं नाही. लोकांची बचत बुडाली. पुढच्या मार्चमध्ये रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि ८ ऑगस्ट १९८८पासून देश रस्त्यावर आला. १८ सप्टेंबरला लष्कराने ते आंदोलन रक्तात बुडवून पुन्हा थेट सत्ता घेतली. १९७४ची घटनाही संपली. तिथून पुढे दोन दशकांहून अधिक काळ म्यानमारला कोणतीही राज्यघटनाच नव्हती. देश चालत होता तो लष्करी हुकमांवर.

मे १९९०मध्ये लष्कराने निवडणूक मात्र घेतली. सू ची तोवर नजरकैदेत होत्या. तरीही एनएलडीने ४८५पैकी ३९२ जागा जिंकल्या. जुलैअखेर लष्कराने एक जाहीरनामा काढून सांगितलं, की निवडून आलेल्यांचं काम सरकार बनवणं नाही, ते फक्त घटना तयार करायला मदत करतील. लोकांनी सरकार निवडण्यासाठी दिलेलं मत असं एका कागदाने फिरवलं गेलं. २००८च्या मसुद्याची कहाणी खरी इथून सुरू होते.

ही मदतही करू दिली नाही ती गोष्ट तर त्याहून वाईट. जानेवारी १९९३मध्ये ‘राष्ट्रीय परिषद’ भरली. ७०२ प्रतिनिधींपैकी निवडून आलेले होते फक्त ९९. बाकीचे लष्कराने नेमलेले. परिषदेपुढची उद्दिष्टं आधीच ठरवून दिलेली होती आणि त्यांपैकी एक असं, की देशाच्या राजकीय नेतृत्वात लष्कराला स्थान असेल. म्हणजे ज्या प्रश्नावर चर्चा व्हायला हवी होती, तो चर्चेआधीच निकालात निघालेला. भाषणं आधी लिहून तपासायला द्यायची, परवानगी मिळाली तरच वाचायची. नोव्हेंबर १९९५मध्ये एनएलडीचे प्रतिनिधी निषेध करून बाहेर पडले, तर त्यांना परिषदेतूनच काढून टाकलं. काही महिन्यांत परिषद गुंडाळली गेली. जून १९९६मध्ये कायदा आला, क्रमांक ५/९६. परिषदेच्या कामावर टीका केली किंवा परस्पर घटनेचा मसुदा लिहिला, तर वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास. स्वतःच्या देशाची घटना कशी असावी हे कागदावर उतरवणं हा तिथे गुन्हा ठरला. मला तरी या साऱ्या इतिहासातला सर्वांत संतापजनक भाग हाच वाटतो.

मे २००३मध्ये डिपायिन इथे सू ची यांच्या ताफ्यावर सरकारी आश्रयातल्या जमावाने जीवघेणा हल्ला केला. जगभरातून टीका झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये पंतप्रधान खिन न्युंट यांनी लोकशाहीकडे नेणारा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला. पहिला टप्पा तीच जुनी परिषद पुन्हा भरवण्याचा. ती मे २००४मध्ये रंगूनबाहेरच्या एका बंदिस्त छावणीत सुरू झाली, या वेळी एनएलडीशिवाय. काचिनांच्या संघटनेने १९ मुद्द्यांचं निवेदन देऊन राज्यांना जास्त अधिकार मागितले. ते बाजूला सारलं गेलं. ३ सप्टेंबर २००७ला परिषद संपल्याचं जाहीर झालं. सुरुवातीपासून मोजली तर चौदा वर्षं.

त्याच दिवसांत रस्ते पेटायला लागले होते. १५ ऑगस्टला सरकारने इंधनाचे दर अचानक वाढवले. डिझेल दुप्पट, गाड्यांचा गॅस पाचपट. बसचं भाडं परवडेना म्हणून माणसं कामावर पायी जाऊ लागली. ‘८८ पिढी’च्या मिन को नाईंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोर्चे काढले, त्यांना लगेच उचललं. मग भिक्खू उतरले. लष्करी कुटुंबांकडून भिक्षा घेणार नाही, म्हणून त्यांनी आपली भिक्षापात्रं उलटी धरली. बौद्ध समाजात यापेक्षा कडक धिक्कार नाही. सप्टेंबरअखेर गोळीबार, विहारांवर छापे, अटका. आंदोलन पेटलेलं असतानाच आपले पेट्रोलियम मंत्री, मुंबईचे मुरली देवरा, गॅसच्या शोधकराराच्या सह्यांसाठी म्यानमारमध्ये होते. आपल्याला हे विसरून चालणार नाही.

आंदोलन चिरडल्यावर लष्कराने घाई केली. सरन्यायाधीश आंग टो यांच्या अध्यक्षतेखाली ५४ जणांचा मसुदा आयोग नेमला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी घोषणा झाली, मे महिन्यात सार्वमत आणि २०१०मध्ये निवडणूक. सार्वमत घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्षही तेच आंग टो. संयुक्त राष्ट्रांचे दूत इब्राहिम गंबारी यांनी निरीक्षक पाठवू का विचारलं, नकार मिळाला. मसुदा विक्रीला आला ९ एप्रिलला, मतदानाच्या महिनाभर आधी, किंमत १,००० च्यात. ४५७ कलमांचा हा दस्तऐवज ब्रह्मी आणि इंग्रजीत होता. पांगलाँगमध्ये ज्यांना वचन दिलं होतं, त्यांच्या भाषांत नव्हता.

ज्यांनी तो वाचला त्यांना नकाराची कारणं शोधावी लागली नाहीत. संसदेच्या खालच्या सभागृहातल्या ४४० जागांपैकी ११० आणि वरच्या सभागृहातल्या २२४ पैकी ५६ जागा सरसेनापतीने नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती कुणाकडे द्यायची हेही सरसेनापती ठरवणार. गृहखात्यासोबत पोलीस आले आणि गावपातळीपर्यंतचं प्रशासनही. कलम ५९(फ) प्रमाणे ज्याची जोडीदार किंवा मुलं परदेशी नागरिक आहेत, त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही. सू ची यांचे पती ब्रिटिश होते, मुलं ब्रिटिश नागरिक. हे कलम कुणासाठी आहे ते शेंबड्या पोरालाही कळावं. कलम ४४५ने लष्करी राजवटीतल्या कृत्यांबद्दल खटलेच बंद केले. कलम ४१७ आणि ४१८ एकत्र वाचले तर आणीबाणीत सगळी सत्ता, कायदे करण्याची, राबवण्याची आणि न्यायाची, सरसेनापतीकडे जाते.

आणि या सगळ्याला कुलूप लावणारं कलम ४३६. दुरुस्तीला संसदेतल्या पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं हवीत. पंचवीस टक्के लष्कराची. म्हणजे गणवेशातल्यांपैकी निदान एक तरी फुटल्याशिवाय काहीही बदलता येत नाही. महत्त्वाच्या कलमांसाठी त्यावर पुन्हा सार्वमत.

विरोधकांमध्येही त्या वसंतात मोठा वाद होता. काही निर्वासित गट आणि भिक्खूंच्या संघटनांपैकी काहीजण म्हणत होते, की मतदानाला जायचं म्हणजे या नाटकाला मान्यता द्यायची, बहिष्कार टाका. दुसरीकडे काही शहाणे समजले जाणारे लोक, परदेशी मुत्सद्दीही, सांगत होते की वीस वर्षं काहीच नव्हतं, त्यापेक्षा वाईट का होईना घटना असू दे. आत शिरून हळूहळू सुधारता येईल. एनएलडीने मधली वाट घेतली नाही, तिसरी घेतली. घरी बसलेल्या माणसाचं मत त्याच्या नावावर दुसराच कुणीतरी देईल, म्हणून बहिष्कार नको. आणि कलम ४३६ वाचल्यावर ‘आत शिरून सुधारू’ या म्हणण्यात काही अर्थ उरत नाही, म्हणून होकारही नको. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला होता. पुढे जे घडलं ते पाहता तो किती अचूक होता हे कळतं.

पण प्रचार करायचा कसा? फेब्रुवारीत आलेल्या सार्वमताच्या कायद्यात मतदानात बाधा आणणारी भाषणं आणि पत्रकं यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. नकाराचा प्रचार त्यातच बसवला गेला. ‘नो’ लिहिलेले टी-शर्ट घालणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं, भिंतींवर घोषणा रंगवणाऱ्यांचा शोध घेतला, पत्रकं वाटणाऱ्यांना मारहाण झाली. सरकारी वृत्तपत्रात मात्र रोज ठळक छापून येत होतं, की घटनेला मान्यता देणं हे आज साऱ्या जनतेचं राष्ट्रीय कर्तव्य आहे. सहा महिन्यांपूर्वी आंदोलन पेलणाऱ्या भिक्खूंना मतदानाचा हक्कच नव्हता. ही मनाई जुनी, ब्रह्मदेशात पूर्वापार चालत आलेली, पण या वर्षी ती लष्कराच्या चांगलीच पथ्यावर पडली. एप्रिलच्या त्याच पहिल्या आठवड्यात लष्करी राजवटीतले क्रमांक दोनचे जनरल माँग आये दिल्लीत होते आणि भारत आणि म्यानमारला जोडणाऱ्या कलादान वाहतूक प्रकल्पाच्या करारावर सह्या होत होत्या. भारताने सार्वमताबद्दल ब्रही काढला नाही.

२ मेच्या रात्री नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळलं. लाबुट्टा, बोगाले परिसरातली गावंच्या गावं समुद्राच्या लाटेखाली गेली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. परदेशी मदतपथकांना व्हिसा मिळत नव्हते, जहाजं किनाऱ्याबाहेर थांबून होती. लष्कराने सार्वमत पुढे ढकललं ते फक्त ४७ तालुक्यांत, तेही दोनच आठवडे. बाकी देशात ठरल्या दिवशी, १० मेला मतदान झालं. सरकारी दूरदर्शनवर मतदानाला चला अशी गाणी लागत होती. शाळांत आसरा घेतलेल्यांना केंद्रं मोकळी करण्यासाठी हलवल्याच्या बातम्या आल्या. सरकारी नोकरांकडून आगाऊ मतं घेतली गेली. काही ठिकाणी मतदार केंद्रावर पोचले तर तुमचं मत आधीच दिलं गेलंय असं ऐकावं लागलं, काही ठिकाणी खूण करताना अधिकारी शेजारी उभे.

त्रिभुज प्रदेशात अजून प्रेतं पाण्यात होती तेव्हा, १५ मेला, पहिल्या फेरीचा निकाल आला: ९२.४ टक्के होकार. २४ मेला वादळग्रस्त भागातही मतदान उरकलं आणि अंतिम आकडा ९२.४८ टक्के, मतदान ९८.१२ टक्के असा जाहीर झाला. लगेच सू ची यांची नजरकैद वाढवली गेली. वादळग्रस्तांना मदत नेणारे आणि सरकारच्या हलगर्जीपणावर बोलणारे विनोदी कलावंत झार्गनार यांना जूनमध्ये अटक झाली. नोव्हेंबरात मिन को नाईंग यांना ६५ वर्षांची शिक्षा झाली.

या आकड्यांची किंमत काय होती, ते २०१४ मध्ये दिसलं. एनएलडी आणि ‘८८ पिढी’ने कलम ४३६ बदलण्यासाठी सह्यांची मोहीम काढली, तेव्हा जवळपास पन्नास लाख लोकांनी उघडपणे सह्या केल्या. २०१५मध्ये एनएलडी प्रचंड बहुमताने निवडून आली. ५९(फ) मुळे सू ची राष्ट्राध्यक्ष होऊ शकल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी राज्य सल्लागार हे नवं पद निर्माण केलं गेलं. त्यामागे डोकं होतं घटनातज्ज्ञ वकील को नी यांचं. २९ जानेवारी २०१७ला रंगून विमानतळाबाहेर नातवाला कडेवर घेतलेलं असताना त्यांना गोळी घातली गेली. मार्च २०२०मध्ये लष्कराच्या जागा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा प्रस्ताव संसदेत आला, आणि पंचवीस टक्क्यांनी तो पाडला. आत शिरून सुधारण्याची ही पुरेपूर तपासलेली वाट होती. याच काळात रोहिंग्या मुसलमानांवर जे अत्याचार झाले ते थांबवण्याचं बळ निवडून आलेल्या सरकारकडे नव्हतं, आणि त्यांच्या बाजूने उभं राहण्याची तयारीही त्याने दाखवली नाही, हेही लिहायला हवं.

१ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे लष्कराने राष्ट्राध्यक्ष विन मिंट आणि सू ची यांना अटक केली. लष्कराच्या कोट्यातून आलेले उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी कलम ४१७ खाली आणीबाणी पुकारली आणि कलम ४१८ खाली सत्ता सरसेनापती मिन आंग ह्लाईंग यांच्या स्वाधीन केली. एप्रिल २००८ मध्ये १,००० च्यातला विकत मिळत असलेल्या पुस्तकात हा क्रम छापलेला होता. ३१ मार्च २०२१ला पदच्युत खासदारांच्या समितीने ती घटना रद्द झाल्याचं जाहीर करून संघराज्यीय लोकशाहीची सनद मांडली, आणि दुसऱ्या दिवशी रंगूनमध्ये निदर्शकांनी घटनेच्या प्रती जाळल्या. लष्कराने मात्र ती सोडलेली नाही. मार्च २०२३मध्ये एनएलडीची नोंदणी रद्द केली गेली, आणि ३१ जुलै २०२५ला आणीबाणी संपवून २८ डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने निवडणुकीची घोषणा झाली, ती याच घटनेखाली, लष्कराच्या पंचवीस टक्के जागा तशाच राखून.