कमरेच्या पट्ट्यापासून हार्नेसपर्यंत: उंचीवरच्या कामाच्या नियमांची पार्श्वभूमी

उंचीवर चढायचं तर कमरेचा पट्टा चालत नाही, फुल बॉडी हार्नेसच (मांड्या, कंबर आणि खांद्यांना धरणारा पट्ट्यांचा संच) लागतो, हा नियम आज इतका रुळलाय की तो फार जुना वाटतो. पण अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रात पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला बंदी आली ती १ जानेवारी १९९८ पासून. तोवर अनेक दशकं 'सेफ्टी बेल्ट' म्हणजे हाच पट्टा.

मुळात तो पडणाऱ्याला झेलायला बनलाच नव्हता. विजेच्या खांबावरचा लाइनमन खांबाभोवती पट्टा टाकायचा, पाय रोवून मागे रेलायचा आणि दोन्ही हात कामाला मोकळे करायचा. उंच इमारतींच्या खिडक्या पुसणारेही असेच स्वतःला अडकवून घेत. यात पट्ट्यावर सतत ताण असतो, पण झटका नसतो. या कामासाठी तो आजही योग्य आहे. घोळ झाला तो त्यालाच लांब दोर बांधून 'आता पडलास तरी हरकत नाही' असं सांगायला लागल्यावर.

मोठ्या कामावर पडण्याचा विचार आधीच करून ठेवल्याचं ठळक उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल (१९३३ ते १९३७). दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू, असा तेव्हा बांधकामातला ठोकताळा होता, आणि पुलाचा खर्च होता सुमारे साडेतीन कोटी. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हेल्मेट सक्तीचं केलं आणि पुलाखाली मनिला दोराची जाळी बांधून घेतली. ती पुलाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना सुमारे ३ मीटर बाहेर होती. जाळीने १९ जणांना झेललं. १७ फेब्रुवारी १९३७ ला मात्र १२ माणसांसह एक फिरती परांची निखळली आणि जाळी फाडून खाली गेली. १० जण मेले. जाळी माणसाच्या वजनासाठी होती, टनावारी सांगाड्यासाठी नव्हती.

त्या काळातला दोर मनिला किंवा तागाचा, पट्टा चामड्याचा. दोर आतून कुजतो आणि बाहेरून धड दिसतो. चामडं वाळून तडकतं. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं आणि युद्धकाळात मनिलाचा पुरवठा तुटल्यावर दोरांमध्ये शिरलं. आता दोर तुटणं कमी झालं. मग खरी अडचण उघडी पडली: दोर टिकला, माणूस टिकला नाही.

हिशोब सरळ आहे. अवजारांसह १०० किलोचा माणूस १.८ मीटर मोकळा पडला तर ०.६ सेकंदात त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास जातो. फारसा न ताणणाऱ्या दोराने त्याला १५ सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर सरासरी बळ १२ ते १३ किलोन्यूटन होतं, म्हणजे जवळजवळ १३०० किलोचा भार. तो सगळा कमरेच्या एका पट्टीवर! शरीर मधोमध दुमडतं, पट्टा सरकून बरगड्यांखाली येतो, प्लीहा, यकृत आणि कण्याला इजा होते. डोकं खाली गेलं तर माणूस पट्ट्यातून निसटतोही.

तोडगा दोन बाजूंनी आला. हार्नेसची कल्पना पॅराशूटकडून आली: भार मांड्या, कंबर आणि खांद्यांवर वाटायचा आणि दोर पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांमधल्या डी-रिंगला (D आकाराच्या धातूच्या कडीला) लावायचा. दुसरी बाजू शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. घड्या घालून शिवलेली ही पट्टी झटका बसला की टाका टाका उसवत जाते. थांबण्याचं अंतर १.०७ मीटरपर्यंत वाढलं तर वरच्याच उदाहरणातलं सरासरी बळ ३ किलोन्यूटनच्या खाली येतं. १९९५ मध्ये लागू झालेल्या अमेरिकी नियमाने कमाल बळ हार्नेससाठी ८ आणि पट्ट्यासाठी ४ किलोन्यूटन ठरवलं. युरोपच्या मानकात अ‍ॅब्सॉर्बरची मर्यादा ६ आहे. १९९८ च्या त्याच तारखेला साधे, खटक्याला लॉक नसलेले हूकही बाद झाले. ते डी-रिंगवर पिळले की रिंगच खटका दाबून हूक उघडायची.

अ‍ॅब्सॉर्बरने धक्का घेतला, पण बदल्यात जागा मागितली. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसपासून अँकरपर्यंतचा दोर), १.०७ उसवण, डी-रिंगपासून पायापर्यंत १.५ आणि ०.६ राखीव: अँकरखाली, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या जागेखाली, सुमारे ५ मीटर मोकळे हवेत. अँकर पाठीच्या उंचीवर असेल तर पायाखाली साडेतीन. तीन मीटरच्या मजल्यावर हे गणित बसत नाही. तिथे आखूड दोर किंवा आपोआप गुंडाळणारी लाइफलाइन लागते. हूक पायाजवळ अडकवला तर मोकळं पडणंच ३.३ मीटर होतं, १.८ मीटरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. ही चूक फार दिसते, कारण वाकून अडकवायला तीच जागा सोयीची असते.

झेललेल्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न उशिरा आला. १९८७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या तळावर स्वयंसेवकांना हालचाल न करता टांगून पाहिलं. कमरेच्या पट्ट्यात ते सरासरी दीड-पावणेदोन मिनिटं टिकले, फुल बॉडी हार्नेसमध्ये सुमारे १४. पाय हलत नाहीत, रक्त खाली साचतं, शुद्ध हरपते. म्हणून लटकलेल्याला लगेच उतरवायची तयारी नियमात आली, आणि पाय टेकायचे फास हार्नेसला लागले.

ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी '२ मीटरच्या वर' ही जुनी रेघ पुसली: पडून इजा होऊ शकेल अशी कोणतीही उंची म्हणजे उंचीच. क्रमही ठरवला. आधी काम खालीच करता येतं का पाहा, मग कठडा, मग जाळी किंवा हार्नेस. नव्या घराच्या छताला कठडा घाल, ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद'च्या २२व्या अध्यायात आहेच. ब्रिटनमध्ये बांधकामावरचा कठडा किमान ९५० मिलिमीटर उंच आणि आडव्या दांड्यांमधली फट कमाल ४७० मिलिमीटर हवी.

परांची उभी करणाऱ्यापुढे मात्र अजून कठडा नसतो. त्याच्यासाठी दोन शेपट्यांचा लॅनयार्ड आला: एक हूक अडकला की मगच दुसरा सोडायचा. मोकळी शेपूट हार्नेसच्या मजबूत रिंगला अडकवून ठेवायची नाही. तसं केलं तर पडताना भार तिच्यावर येतो आणि अ‍ॅब्सॉर्बर उसवतच नाही.