भारतातील मद्य उद्योग व त्याचे नियमन

भारतातील मद्य उद्योग : पिण्याच्या मद्याचे उत्पादन, विक्री व करआकारणी यांची देशभर एकच व्यवस्था नाही, जितकी राज्ये, तितके बाजार. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने मादक मद्य (नोंद ८) आणि त्यावरील उत्पादन शुल्क (नोंद ५१) राज्यांकडे सोपवले आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेर राहिले. हे उत्पन्न सोडायला राज्ये तयार नव्हती. औद्योगिक मद्यार्कावरील (पिण्यासाठी नव्हे, तर उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलवरील) केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकाराचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ अशा बहुमताने राज्यांच्या बाजूने निकाली काढला.

कच्चा माल मुख्यतः साखर कारखान्यांतून येतो. उसाची मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढतात. धान्यापासूनही तो काढला जातो. त्यापासून एकीकडे देशी दारू तयार होते, तर दुसरीकडे ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’, म्हणजे देशातच बनवलेली व्हिस्की, रम इत्यादी. मळीच्या मद्यार्कावर बेतलेल्या अशा व्हिस्कीला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

विक्रीच्या तऱ्हा वेगवेगळ्या. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री ‘टास्मॅक’ या सरकारी महामंडळाच्या हाती आहे. गुजरातेत १९६० पासून, तर बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात परवानाधारक खासगी दुकानदार विक्री करतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यांच्यावर देखरेख ठेवतो. देशी दारूचे दुकान, वाइन शॉप आणि परमिट रूम यांचे परवाने वेगवेगळे असतात.

महाराष्ट्राचा कायदा मुळात बंदीचा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्य निषिद्ध ठरवले आणि मग परवान्यांच्या वाटा मोकळ्या केल्या. म्हणूनच ‘परमिट रूम’ हे नाव, आणि म्हणूनच पिणाऱ्यालाही मद्यसेवन परवाना लागतो. तो खिशात बाळगणारे विरळाच. एकाच सरकारने बंदीचा कायदा राबवायचा आणि विक्रीतून महसूलही मिळवायचा, ही ओढाताण या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे.

तिचा सर्वांत ठळक प्रत्यय गावातल्या मतदानात येतो. दुकान बंद करण्याची मागणी पुरेशा मतदारांनी, किंवा केवळ महिला मतदारांनी, केली तर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. कामासाठी परगावी गेलेल्या बाईची गैरहजेरी त्यामुळे आपोआप दुकानदाराच्या पथ्यावर पडते.

जिल्हापातळीवरही बंदीचे प्रयोग झाले. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली.