सहा जानेवारीचा नाताळ

कोल्हापुरात नाताळच्या कागदी चांदण्या उतरवून माळ्यावर गेलेल्या असतात, तेव्हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फूला बेटावर नाताळ उजाडतो. तारीख ६ जानेवारी. शेटलंड द्वीपसमूहातलं हे बेट मुख्य बेटापासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला आहे आणि वस्ती जेमतेम तीस-पस्तीस माणसांची. त्या दिवशी मुलं आपापल्या घरी भेटी उघडतात, संध्याकाळी सगळी मंडळी एकाच घरात जमतात. नवीन वर्ष लागतं १३ जानेवारीला. जगाचा नाताळ, म्हणजे २५ डिसेंबर, तिथे नेहमीसारखाच दिवस.

याचं मूळ कॅलेंडरच्या एका चुकीत आहे. ज्युलियन कॅलेंडर वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरायचं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. सोळाव्या शतकापर्यंत ही मिनिटं साचून वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चवर आला आणि ईस्टरचा हिशेब बिघडला. तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये १० दिवस गाळून टाकले. अधिक महिना घालून चंद्र-सूर्याचा मेळ बसवणाऱ्या आपल्या पंचांगवाल्यांना यात काही नवल वाटायचं नाही. प्रॉटेस्टंट ब्रिटनला मात्र पोपचं गणित पटवून घ्यायला १७० वर्षं लागली. तिथे १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. सरकारने स्वतःचं नुकसान होऊ दिलं नाही, करवर्ष तेवढे दिवस पुढे ढकललं. पुढे त्यात आणखी एका दिवसाची भर पडली, म्हणून ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं.

फूलाने जुनंच कॅलेंडर धरून ठेवलं. ते का टिकलं, याचं कारण नुसतं समुद्राचं अंतर नसावं. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधल्याच एका पंथाच्या, चर्चला नाताळच मान्य नव्हता. १६४० मध्ये तिथल्या संसदेने नाताळची सुट्टी बंद केली आणि २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये! शेटलंड १४६९ पर्यंत नॉर्स (स्कँडिनेव्हियन) राजवटीखाली होतं. तिथला ‘यूल’, म्हणजे नाताळ, हा सण चर्चपेक्षा घरातला, आजीच्या तोंडून चालत आलेला. जो सण चर्चने पाळलाच नाही, त्याची तारीख चर्च बदलणार तरी कशी, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजाचं मूळही त्याच प्रेस्बिटेरियन परंपरेत आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. पुढे हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. इथे नाताळ थाटात होतो, तोही २५ डिसेंबरलाच.

एका सणाच्या दोन तारखा कोल्हापूरकराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. सरकारने शिवजयंती १९ फेब्रुवारीला ठरवली, तिथीवाले फाल्गुन वद्य तृतीयेला करतात आणि इथल्या पेठा-तालमींची पारंपरिक जयंती अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीयेला असते. आमच्याकडे निदान इतिहासकारांचा वाद तरी आहे. फूलावर वाद नाही, फक्त सवय आहे.

त्या सवयीतही एक बारकी गोम आहे. जुनं कॅलेंडर काटेकोर पाळलं असतं तर फूलाचा नाताळ रशियन चर्चप्रमाणे ७ जानेवारीला आला असता. जुन्या कॅलेंडरात १८०० आणि १९०० ही लीप वर्षं होती, नव्यात नव्हती. बेटाने १८०० हे लीप वर्ष धरलं, त्यामुळे दोन कॅलेंडरांमधला फरक ११ वरून १२ दिवसांवर गेला. १९०० मात्र धरलं नाही आणि फरक तिथेच थांबला. २१०० मध्ये रशियन चर्चचा फरक आणखी एका दिवसाने वाढेल आणि त्यांचा नाताळ पुढे ८ जानेवारीला पडेल. फूलाने १९०० चाच कित्ता गिरवला, तर तिथला नाताळ ६ जानेवारीलाच राहील.