पायाखालची सावली वेगळी आणि पडलेली सावली वेगळी, फोटो जोडताना दोन्ही लागतात

दोन फोटोंमधून एक फोटो करायचं काम हल्ली घरोघरी निघतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत परदेशातला भाऊ हवा असतो, नाहीतर गणपतीपुढे सगळे उभे आहेत आणि आजोबा तेवढे नाहीत, मग त्यांना जुन्या फोटोतून आणायचं. माणूस कापून द्यायचं काम आता मोबाइलच करतो, कडा छान येतात, रंगही बऱ्यापैकी जुळतो, आणि तरी माणूस उभा वाटत नाही, चिकटवलेला वाटतो. बहुतेक वेळा घोळ सावलीत असतो. टाकलेली असते एक आणि लागतात दोन.

एक कॉन्टॅक्ट शॅडो, म्हणजे वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथली. दुसरी कास्ट शॅडो, उन्हात लांब पडते ती, जिला आपण एरवी नुसतं सावली म्हणतो. दोन्ही काळसर, दोन्ही पायापाशीच सुरू होतात म्हणून एकच वाटतात, पण त्या होतात वेगवेगळ्या कारणांनी.

कास्ट शॅडो पडते ती एका बाजूने थेट येणारा उजेड अडला की, मग तो सूर्याचा असो, बल्बचा असो नाहीतर फ्लॅशचा. तिला दिशा असते, लांबी असते आणि ढग आले की ती जाते. कॉन्टॅक्ट शॅडोला दिशाच नसते. आकाशातून, भिंतींवरून, सगळीकडून जो उजेड येत असतो तो चपलेखालच्या फटीत शिरू शकत नाही, म्हणून तिथे काळोख. पावसाळ्यात आभाळ गच्च भरलेलं असताना इंदूरच्या राजवाड्यासमोर कोणाचा तरी फोटो काढा आणि पायापाशी झूम करून बघा. लांब सावली नावालाही नसेल, पण टाचेखाली जवळजवळ काळी बारीक रेघ असेल, आणि पुढे पंज्याशी जिथे चपलेचा सोल जरासा उचललेला आहे तिथे ती रुंद आणि फिकी होत गेलेली दिसेल. फट जेवढी मोठी तेवढी सावली पसरट आणि फिकी. साडीचा काठ जमिनीपासून दोन बोटं वर असेल तर त्याच्याखाली नुसती मऊ झाकळ असते, रेघ नसते. म्हणून मी तर म्हणेन की वेळ कमी असेल तर कास्ट शॅडो राहू द्या पण कॉन्टॅक्ट सोडू नका, ढगाळ फोटोत तर तिच्यावरच सगळं निभतं.

आता ड्रॉप शॅडो नावाचा जो तयार इफेक्ट मिळतो तो या दोन्हींपैकी एकही नाही. तो अक्षरांसाठी, कार्डांसाठी आहे, सपाट गोष्ट मागच्या सपाट गोष्टीपासून जरा वर तरंगतेय असं दाखवायला. तो माणसाला लावला की माणसाच्या मागे भिंत आहे असं डोळा समजतो आणि मग पाय हवेत तरंगताना दिसतात.

कास्ट शॅडोचं खरं अवघड काम म्हणजे लांबी आणि कडा. इंदूर २२.७ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली, त्यामुळे २१ जूनच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सावली पायाखालीच गोळा होते. तेच २१ डिसेंबरला त्याच वेळी सूर्य क्षितिजापासून ४४ अंश वर असतो, म्हणजे साडेपाच फुटी माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी जास्तच पडते. जूनच्या दुपारी काढलेल्या चौकाच्या फोटोत डिसेंबरच्या लग्नातला माणूस ठेवलात तर सावली कितीही छान काढा, त्याच्या चेहऱ्यावरचा तिरका उजेडच चुगली करतो. आधी त्याच्या नाकाची आणि हनुवटीची सावली कुठे पडलीये ते बघायचं, मगच जमिनीवरची काढायची.

कडेचं असं की सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, ठिपका नाही, त्यामुळे सावली पाडणारी गोष्ट जमिनीपासून जितकी दूर तितकी कड मऊ, मीटरमागे साधारण १ सेंटीमीटर. पायाशी सावली धारदार, डोक्याशी पुसट. सगळीकडे सारखा ब्लर मारला की तिथेच ती खोटी दिसते.

करायचं कसं, तर एडिटिंग ॲपमध्ये दोन्हींच्या लेयर, म्हणजे फोटोवर चढवायचे थर, वेगळ्या, दोन्ही माणसाच्या खाली आणि मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालची जमीन दिसत राहते, फक्त गडद होते. कॉन्टॅक्टसाठी बारीक मऊ ब्रश, रंग शुद्ध काळा नको, ज्या फोटोत माणूस ठेवताय त्यातल्या सगळ्यात गडद फटीतून उचला. कास्टसाठी माणसाची कॉपी, एका रंगात भरलेली, डिस्टॉर्टने, म्हणजे कोपरे ओढून आकार वाकवणाऱ्या टूलने, जमिनीवर आडवी, डोक्याकडे ब्लर वाढवत न्यायचा. गडदपणा अंदाजाने ठरवू नका, त्या फोटोत आधीपासून असलेल्या सावलीशी ताडून बघा. उघड्यावरच्या सावलीत थोडी निळी झाक असते कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो. आणि ऊन बाजूने असेल तर समोरून दिसणारी आकृती तशीच आडवी पाडून चालत नाही, सूर्याला माणूस बाजूने दिसतोय, सावलीत एक हात लपेल, पोट दिसेल, तेवढं हाताने दुरुस्त करावं लागतं.

उजेड उलट्या बाजूचा निघाला तर माणूस आडवा फ्लिप करून, म्हणजे आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून, टाकायचा सोपा उपाय सगळे सांगतात, शर्टपँटवाल्या माणसाला तो चालूनही जातो. पण आपल्या आजोबांच्या अंगावर जानवं असेल तर ते डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातं, म्हणजे थेट अपसव्य, श्राद्धाला करतात तसं, आणि गणपतीच्या फोटोत ते घरच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाच्या पहिल्या नजरेत येतं. आजीचा पदरही असाच खांदा बदलतो. अशा वेळी फ्लिप नको, त्याच बाजूने उजेड आलेला दुसरा फोटो शोधा, जुन्या अल्बममध्ये बहुतेक सापडतो.