वजन लपवण्याचा अभिनय

राजाची भूमिका करणारा नट राजा नसतो आणि सर्जनची भूमिका करणाऱ्याने कधी कुणाच्या पोटाला चाकू लावलेला नसतो. तरी ते निभावून जातं. राजाही जमिनीवरच चालतो, सर्जनही जमिनीवरच उभा राहतो आणि नटाच्या पायाखाली जमीन असतेच. टीव्ही मालिकेत अंतराळवीराची भूमिका हाती आली की मात्र हीच जमीन आडवी येते. देह तोच, साठ-सत्तर किलोंचा, पण पडद्यावर त्याचं वजन दिसता कामा नये. रडणं, हसणं, अगदी मरणंसुद्धा नटाला ठरवून करता येतं. वजन मात्र ठरवून टाकता येत नाही.

मालिकांमधली पात्रं बरेचदा ऐटीत सांगतात, की आता आपण गुरुत्वाकर्षणाच्या पलीकडे आलो. हे खरं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या गच्चीवर वजनकाटा ठेवला, तर इथे सत्तर किलो भरणाऱ्या माणसाला तो काटा बासष्टच्या आसपास दाखवेल. त्या गच्चीवर कुणी तरंगणार नाही. कडेला गेला तर सरळ खाली येईल.

मग स्थानकातली माणसं तरंगतात कशी? तीही पडतच असतात. स्थानक सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर वेगाने आडवं धावत असतं आणि धावता धावता पृथ्वीकडे पडत असतं. ते जेवढं खाली येतं, तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही त्याच्याखाली वळत जातो, म्हणून ते पडणं कधी संपत नाही. माणूस, त्याचा पेन, त्याच्याभोवतीच्या भिंती, सगळं एकाच वेगाने पडतंय. कुणीच कुणाला टेकलेलं नाही. आपल्याला ‘वजन’ म्हणून जे जाणवतं, ते खरं म्हणजे जमिनीचं आपल्याला वर ढकलणं असतं. ते थांबलं, की वजन गेलं.

नटाला दोरांवर लटकवून वजनरहित दाखवायचा प्रयत्न इथेच फसतो. दोर वजन काढून घेत नाही, फक्त त्याची जागा बदलतो. तळपायांवर होतं ते आता कमरेच्या पट्ट्यावर आलं, एवढंच. पोटाचे स्नायू ताणलेले, मान सावरलेली, पाय लोंबणारे. संगणकाने दोर पुसून टाकता येतात, पण त्या दोरांशी चाललेली शरीराची झटापट पुसता येत नाही. माझ्यापुरती एक खूण ठरलेली आहे. मी अशा दृश्यात चेहरा बघत नाही, मान बघतो. आडव्या तरंगणाऱ्या नटाच्या मानेची शीर ताठलेली दिसली, की समजावं, डोकं जड आहे.

दुसरा उपाय पाण्याचा. खरे अंतराळवीरही पाण्यातच सराव करतात. ह्यूस्टनला नासाचा जो तलाव आहे, तो सुमारे १२ मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाशी स्थानकाच्या भागांच्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात. पोशाखाला वजनं आणि तरंगते ठोकळे असे बेताने बांधतात, की माणूस धड बुडत नाही आणि धड वरही येत नाही. पण पाणी बाहेरून तोलतं, आतून नाही. पोशाखाच्या आत माणूस आपल्या वजनाने टेकलेलाच असतो. उलटा झाला की भार खांद्यांवर येतो आणि रक्त डोक्यात उतरतं. शिवाय पाणी प्रत्येक हालचालीला अडवतं. निर्वातात एकदा ढकललेली वस्तू जाते ती जातेच, पाण्यात ती दोन हातांवर थांबते. सरावाला हे चालतं, कॅमेऱ्यापुढे चटकन पकडलं जातं.

वजन खरोखर घालवायचं, तर पडावंच लागतं. त्यासाठी विमान वेगाने वर चढवतात आणि मग भिरकावलेल्या चेंडूच्या वाटेने त्याला जाऊ देतात. त्या कमानीवर वीस ते पंचवीस सेकंद आतली माणसं खरीखुरी तरंगतात. पुढच्या क्षणी विमान सावरतं आणि तीच माणसं जवळजवळ दुप्पट वजनाची होऊन फरशीला चिकटतात. ‘अपोलो १३’ या १९९५च्या चित्रपटासाठी नासाच्या विमानात अशा सहाशेहून अधिक कमानी घेतल्या गेल्या. सगळे तुकडे जोडून वजनरहित वेळ भरला चार तासांहूनही किंचित कमी. आता मालिकेचं गणित करा. दर आठवड्याला एक भाग, त्यात पंचवीस सेकंदांत बसणारे संवाद आणि दर संवादानंतर पोट सांभाळत बसलेली मंडळी. कोणता निर्माता तयार होईल? म्हणून मालिकांमधली यानं एक तर भोवऱ्यासारखी फिरत असतात, नाही तर त्यांत ‘कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचं यंत्र’ असतं. फिरणाऱ्या यानाला विज्ञानाचा आधार आहे. मिनिटाला दोन फेऱ्या आणि सुमारे २२४ मीटर त्रिज्या असेल, तर कडेच्या फरशीवर पृथ्वीइतकं वजन जाणवेल. यंत्राला मात्र आधार आहे तो फक्त चित्रीकरणाच्या अंदाजपत्रकाचा.

ज्या मालिकांना हे पळवाटेचं दार नको असतं, त्यांच्या नटाला शरीराची नवी वळणं शिकावी लागतात. पहिलं वळण म्हणजे उभं राहण्याचं. वजन नसताना सैल सोडलेलं शरीर ताठ राहत नाही. १९७३-७४मध्ये स्कायलॅब या अमेरिकी स्थानकावर याचा अभ्यास झाला. गुडघे आणि कंबर किंचित वाकतात, खांदे वर येतात, हात कोपरांत मुडपून छातीपुढे तरंगत राहतात आणि मान थोडी पुढे झुकते. झोपलेल्या अंतराळवीराचे हातही असेच समोर उचललेले असतात. अंधारात कुणी दचकावं असं ते दृश्य. नट मात्र सवयीने हात मांड्यांशी ठेवतो, कारण इथे हात तिथेच लोंबतात.

दुसरं वळण वेगाचं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. अंतराळ म्हटलं की सगळं संथ, अशी एक समजूत पक्की बसली आहे. वजनरहित अवस्थेत मुळात काहीच संथ होत नाही. स्नायू तेच, मेंदू तोच. सरावलेला अंतराळवीर एका बोटाने भिंत रेटून झरकन दुसऱ्या टोकाला पोचतो आणि तिथे दुसऱ्या बोटाने थांबतो. तो पायांनी चालत नाही, हातांनी सरकतो. पायांचं काम दांडीत अडकून स्थिर राहण्याचं. त्यामुळे काही महिन्यांत तळपायांची जाड त्वचा मऊ होऊन निघू लागते आणि घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला. रंगभूषाकाराने कधी नटाच्या पावलावर घट्टा रंगवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

संथपणाची ही समजूत चंद्रावरून आली असावी. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या भागाइतकं. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू इथे अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येते, तिथे तिला १.१ सेकंद लागतात. म्हणजे पडण्याला जवळजवळ अडीचपट वेळ. म्हणून चंद्रावरचं दृश्य इथे चित्रित करायचं, तर अडीचपट वेगाने चित्रफीत घ्यायची आणि नेहमीच्या वेगाने दाखवायची, असा एक सोपा हिशेब सुचतो. उड्या त्यात बरोबर दिसतात. बिघडतात ती बोटं. चंद्रावरच्या माणसाची उडी लांबते, पण खिशाची चेन उघडायला त्याला अडीचपट वेळ लागत नाही, त्याच्या पापण्याही नेहमीच्याच वेगाने मिटतात. सरसकट संथ केलेल्या दृश्यात नट चंद्रावर नाही, पेंगलेला दिसतो. यावर तोड म्हणजे नटाने ठरवून हात अडीचपट भरभर हलवायचे आणि उडी तेवढी नैसर्गिक घ्यायची. करून बघा, हसू आवरणार नाही. आणि एवढं जमलं तरी पायाखालची धूळ दगा देते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उडालेला प्रत्येक कण स्वच्छ कमान काढून खाली येतो. इथे तिचा लोट होऊन तरंगतो.

मंगळावर वजन इथल्या ३८ टक्के भरेल, तरी मालिकांतली मंडळी तिथे बागेत फिरावं तशी चालतात. तिथून पृथ्वीवर साधा निरोप पोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर, तीन ते बावीस मिनिटं लागतात. तेव्हा मंगळावरच्या नायकाचं घरच्यांशी तावातावाने भांडण दिसलं, तर तिथे भौतिकशास्त्राने लेखकापुढे हात टेकले असं समजायचं.

चेहऱ्याचं काय? नटाची सगळी पुंजी तिथेच. पृथ्वीवर शरीरातले द्रव पदार्थ पायांकडे ओढले जातात आणि हृदय त्यांना वर ढकलत असतं. वजन गेलं की ओढ जाते, ढकलणं चालूच राहतं. पहिल्या काही तासांतच चेहरा सुजल्यासारखा होतो, सुरकुत्या पुसट होतात, पाय बारीक दिसू लागतात. नाक चोंदतं आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. कणा मोकळा होऊन उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते. त्यातच दहापैकी सहा-सात जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. म्हणजे यान नुकतंच कक्षेत पोचलंय अशा दृश्यातल्या रुबाबदार नायकाचा चेहरा खरं तर फुगलेला आणि हिरवट असायला हवा, नि त्याचं ते धीरगंभीर भाषण नाकातून यायला हवं.

आणि रडणं? गालावरून ओघळणारा थेंब हा पडद्यावरचा हुकमी एक्का. वजनरहित अवस्थेत तो ओघळतच नाही. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी २०१३मध्ये स्थानकावर डोळ्यात पाण्याचे थेंब टाकून हे कॅमेऱ्यासमोर दाखवलं होतं. पाणी पृष्ठताणामुळे डोळ्यालाच चिकटून राहतं. त्याचा फुगवटा वाढत वाढत नाकाच्या वरून दुसऱ्या डोळ्याकडे सरकतो. त्यांना हे अनुभवाने माहीत होतं. २००१च्या त्यांच्या अंतराळचालीत हेल्मेटच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून लावलेला द्रव डोळ्यात गेला, डोळ्यांत पाणी साचलं आणि काही काळ त्यांना दिसेनासं झालं. हेल्मेटमध्ये हात घालून डोळे पुसता येत नाहीत.

हेल्मेटची गोष्ट निघालीच आहे. मालिकेतल्या हेल्मेटच्या आत चेहऱ्यावर पडणारे छान दिवे असतात, कारण नटाचा चेहरा दिसला पाहिजे. खऱ्या हेल्मेटमध्ये असे दिवे लावले, तर काचेत आपलंच तोंड दिसेल, बाहेरचं काम नाही. उन्हात तर सोन्याचा मुलामा दिलेली बाहेरची काच खाली ओढलेली असते, चेहरा कुणालाच दिसत नाही. पोशाखाचंही तसंच. पडद्यावर तो जाड जॅकेटसारखा दुमडतो. प्रत्यक्षात तो हवा भरलेला फुगा असतो. अमेरिकी पोशाखात आतला दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून कमी ठेवतात, तरी प्रत्येक वेळी मूठ वळताना रबरी चेंडू दाबल्यासारखा जोर लागतो. तासन्‌तास असं काम करून अंतराळवीरांची नखं सुटल्याची उदाहरणं आहेत. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह हे यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. बाहेर होते सुमारे बारा मिनिटं. तेवढ्यात त्यांचा पोशाख इतका फुगून ताठरला, की परत आत शिरता येईना. शेवटी त्यांनी झडप उघडून पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली आणि कसेबसे आत आले. एवढा थरार कुणा पटकथालेखकाने लिहिला असता, तर अतिरंजित म्हणून खोडला गेला असता.

मग नटालाच वर का पाठवू नये? तेही झालं. रशियन अभिनेत्री युलिया पेरेसिल्ड आणि दिग्दर्शक क्लिम शिपेंको ५ ऑक्टोबर २०२१ रोजी सोयुझ यानातून स्थानकावर गेले आणि बारा दिवस चित्रीकरण करून परतले. चित्रपटातली तिची भूमिका आजारी अंतराळवीरावर शस्त्रक्रिया करायला गेलेल्या सर्जनची, आणि रुग्णाची भूमिका केली ती खऱ्या अंतराळवीराने, ओलेग नोवित्स्की यांनी. तिचे मोकळे केस कुणी पंख्याने उडवलेले नव्हते, खरेच पसरलेले होते. वजन लपवण्याचा प्रश्नच उरला नाही. पण त्यासाठी चार महिने प्रशिक्षण आणि एक रॉकेट लागलं.

उलट्या दिशेची वाट याहून मजेशीर आहे. ‘स्टार ट्रेक’ या १९६६च्या अमेरिकी मालिकेत निशेल निकोल्स यांनी यानावरच्या संदेशवहन अधिकाऱ्याची भूमिका केली होती. अंतराळवीर व्हायला स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार पुढे यावेत म्हणून १९७७मध्ये नासाने त्यांचीच मदत घेतली. लहानपणी त्यांना पडद्यावर पाहणारी मे जेमिसन डॉक्टर झाली, नासात निवडली गेली आणि सप्टेंबर १९९२मध्ये एंडेव्हर यानातून जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहून आली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्याच वर्षी तिला त्या मालिकेच्या नव्या आवृत्तीत एका भागापुरती छोटी भूमिका मिळाली. खऱ्या अर्थाने तरंगून आलेली व्यक्ती पहिल्यांदाच तिथे अंतराळवीर म्हणून उभी राहणार होती. पण त्या यानावर कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचं यंत्र होतं. त्यामुळे जेमिसनने गणवेश घातला, यंत्रांच्या टेबलामागे गेली आणि इतर सगळ्यांसारखीच दोन्ही पाय फरशीवर टेकून उभी राहिली.