स्टेअरिंगवरील पकड (मालट्रक)

मालट्रकचे स्टेअरिंग धरताना अंगठा कड्याच्या आत न वळवता कड्यावरच लांब ठेवण्याची पद्धत जुने चालक स्वतः पाळतात आणि हाताखालच्या क्लीनरकडूनही पाळून घेतात. या पकडीत चार बोटे कड्याला बाहेरून विळखा घालतात, तळहाताचा मांसल भाग कड्यावर टेकतो आणि अंगठा चालकाकडील अंगावर, कड्याच्या वळणाला धरून पडून राहतो. दोन आऱ्यांमधल्या पोकळीत तो जाता कामा नये, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे.

कोल्हापूर परिसरात ही सवय टिकून राहण्याचे कारण इथल्या रस्त्यांत आणि मालात आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर तिची फारशी कसोटी लागत नाही. मात्र ऊस भरायला ट्रक शिवारात उतरतो, बॉक्साइटच्या खाणीच्या वाटेला लागतो किंवा गगनबावड्याहून करूळ वा भुईबावडा घाटाने कोकणात जातो, तेव्हा पुढच्या चाकाखाली काय येईल याचा नेम नसतो. हंगामात उसाच्या गाड्यांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरीच्या कडेवर चढलेले चाक एकदम घसरून परत आत पडते आणि त्या क्षणी स्टेअरिंग चालकाच्या हातातून आपोआप फिरते.

हा झटका इतका जोराचा का असतो, हे जोडणी पाहिल्यावर कळते. चालकाने दिलेला वळसा स्टेअरिंगच्या दांड्यातून स्टेअरिंग बॉक्समध्ये, तिथून पिटमन आर्म (बॉक्सला जोडलेला लोखंडी हात) आणि ड्रॅगलिंक (त्या हाताला चाकाकडे जोडणारा दांडा) यांच्यामार्फत पुढच्या चाकापर्यंत जातो. जड चाके हाताच्या ताकदीने वळावीत म्हणून बॉक्समधील दात्यांचे प्रमाण साधारण 20 ला 1 असे ठेवलेले असते, म्हणजे स्टेअरिंग 20 अंश फिरवले की चाक एक अंश वळते. दगडाने चाकाला तडाखा दिला की हाच हिशेब उलटा चालतो: चाक पाच अंशांनी हलले तर स्टेअरिंग 100 अंशांनी, म्हणजे पाव फेऱ्याहून अधिक, फिरू पाहते आणि तेही डोळ्याचे पाते लवायच्या आत. अंगठा आत असेल तर फिरत आलेला आरा त्याच्या मुळाशी आदळतो. अंगठा बाहेर असेल तर कडे तळहातावरून सरकून जाते, हाताला चटका बसतो, पण हाड वाचते. भारतात चालक उजव्या बाजूला बसतो आणि गिअर डाव्या हाताने बदलतो, त्यामुळे गिअर बदलताना स्टेअरिंगवर एकटा उजवा हात उरतो. खडकाळ चढावर गिअर वारंवार बदलावा लागतो, तेव्हा उजव्या अंगठ्याला धोका अधिक.

पॉवर स्टेअरिंगमध्ये तेलाचा दाब मदतीला असल्याने हा झटका बराचसा बॉक्समध्येच जिरतो, आणि म्हणून नव्या पिढीतील अनेक चालक अंगठा खुशाल आत घेतात. ही ढिलाई योग्य नाही. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचा पट्टा तुटला, तेल गळून संपले किंवा डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले, तर मदत जाते आणि स्टेअरिंग एकाएकी जड होते. घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणे तर सर्वस्वी गैर, कारण त्याने ब्रेकसाठी लागणारी हवा भरणेही थांबते. पुढचा टायर फुटल्यावर गाडी फुटलेल्या बाजूला ओढ घेते. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता दोन्ही हातांनी कडे घट्ट धरून वेग आपोआप उतरू द्यावा लागतो. घट्ट धरण्यासाठी अंगठा आत घ्यावा लागत नाही, जोर चार बोटांचा आणि तळहाताचा असतो.

हात कुठे ठेवावेत, तर घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी किंवा किंचित वर. गाडी मागे घेताना नुसत्या तळहाताने कडे गरागरा फिरवण्याची लकब बहुतेकांना असते. सपाट आवारात ती खपते, खड्ड्यांच्या जागी नाही. आऱ्यांमधून हात घालून आतल्या बाजूने स्टेअरिंग ओढणे मात्र कुठेच करू नये, कारण कडे उलटले तर मनगट किंवा हाताचे हाड आऱ्यात अडकून मोडू शकते. वळवल्यानंतर स्टेअरिंग सोडून देऊन आपोआप सरळ होऊ देणेही टाळावे. बोटातील अंगठीचा धोका स्टेअरिंगवर कमी आणि केबिनमधून उतरताना जास्त असतो: दाराच्या कडेत किंवा फाळक्याच्या हुकात अंगठी अडकली आणि माणसाने खाली उडी मारली, तर बोटाची कातडी सोलून निघते, प्रसंगी बोटच जाते.

अंगठ्याला मार बसल्यावर तो चोळून घेण्याकडे इथे ओढा असतो. तालमींच्या या गावात मुरगळलेला सांधा वस्तादाकडून बसवून घेण्याची रीत जुनी आहे. पण अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर चोळू नये. त्या खळग्याखालील लहान, होडीच्या आकाराच्या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे त्याची चीर नीट सांधली जात नाही, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे कायम असल्यास डॉक्टर हात आधार देऊन बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात.